इंग्रजी पाहिजे, पण इंग्रजीवाला नको

आमच्या भिवंडीत दोन गोष्टींचा धंदा जोरात चालत आलाय. एक ग्रे कापड, दुसरी इंग्रजी. त्यातलं कापडाचं मार्केट गेली काही वर्षं बसलंय. इंग्रजीचं मात्र कधीच बसत नाही. धामणकर नाक्यापासून कल्याण नाक्यापर्यंत जा आणि नुसत्या पाट्या वाचा. तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी, साठ दिवसांत पर्सनॅलिटीसकट इंग्रजी, आणि सेंट अमुकतमुक इंग्लिश स्कूल, ज्यातल्या संताचं नाव संस्थाचालकालाही धड उच्चारता येणार नाही. रिक्षावाल्यापासून गोदामाच्या मालकापर्यंत प्रत्येकाला पोरासाठी इंग्रजी हवंय, आणि त्यासाठी पोटाला चिमटा काढून पैसे मोजायची तयारी आहे.

बरं. मग याच गावात एखाद्या पोरीने "मला इंग्रजी शिकायचंय, कॉलेजात, तीन वर्षं, नीट" असं म्हटलं तर काय व्हायला हवं? पेढे वाटायला हवेत. प्रत्यक्षात घरात सुतक पडतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी मामेबहीण. बारावी सायन्स, ८१ टक्के, आणि बाईसाहेब म्हणतात बी.ए. करणार, इंग्रजी घेऊन. मामाचे एकेकाळी सहा माग होते, आता तो एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याचं म्हणणं एकच, "इंग्रजी घेऊन करणार काय? इंग्रजी तर हल्ली सगळ्यांनाच येतं!" मामीचं म्हणणं, सायन्स घेऊन आर्ट्सला गेली म्हणजे लोकांना वाटेल नापास झाली. शिवाय २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकारने माफ केलीये. म्हणजे इंजिनियरिंग फुकटात मिळतंय आणि ही वेडी बी.ए.ला पैसे भरणार! आणि या सगळ्या भाषणांच्या शेवटी ठरलेलं वाक्य, "दादाकडे बघ जरा."

तो दादा म्हणजे मी. इंजिनियर, आय.टी.त नोकरी, वीकांताला ब्लॉग खरडतो. माझी काठी करून कुणाला तरी हाणलं जातंय हे मला अजिबात पसंत नाही. म्हणून हा लेख. मामा तो वाचणार नाही, पण भिवंडीत आणि भिवंडीबाहेर असे मामा चिक्कार आहेत.

आक्षेप पहिला: साहित्य शिकलेली माणसं काही करत नाहीत

ज्ञानपीठ पुरस्कार मराठीला आजवर चार वेळा मिळाला. खांडेकर (१९७४), कुसुमाग्रज (१९८७), विंदा करंदीकर (२००३) आणि भालचंद्र नेमाडे (२०१४). या चौघांपैकी शेवटचे दोघे पोटापाण्यासाठी काय करत होते? कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. चारातले दोन म्हणजे पन्नास टक्के. एवढा स्ट्राइक रेट आमच्या इंजिनियरिंग कॉलेजच्या प्लेसमेंटचाही नव्हता. :-)

आणि ही काही दोनच माणसं नाहीत. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. त्यांनी कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'सौंदर्यमीमांसा' लिहिणारे रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. गौरी देशपांडे पुण्यात इंग्रजी शिकवत होत्या. विंदांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणि शेक्सपिअरचा 'किंग लिअर' मराठीत आणला. म्हणजे मराठी साहित्याची गेल्या शतकातली निम्मी खोली इंग्रजीच्या मास्तरांनी खणली, आणि खणली ती मराठीत. इंग्रजी शिकलेला माणूस मराठीला मुकतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ही यादी एकदा वाचावी. नेमाड्यांनी तर जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि इंग्रजीच्या वर्चस्वावर त्यांच्याइतकं कडक कुणी बोललं नसेल. एखादी गोष्ट आतून माहीत असली की तिच्याशी भांडताही येतं, हा त्यातला मुद्दा.

पण हे मामाला सांगून उपयोग नाही हे मलाही कळतं. तो म्हणेल, "ज्ञानपीठाने वीजबिल भरता येतं का?" ठीक आहे. वीजबिलावर येऊ.

आक्षेप दुसरा: इंग्रजी तर सगळ्यांनाच येतं

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं, कारण मी ज्या धंद्यात आहे तो अर्धा इंग्रजीवर चालतो आणि तिथे इंग्रजी 'येणारी' माणसं मी रोज बघतो.

एक गोष्ट सांगतो. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते नियम 'आरएफसी' नावाच्या कागदपत्रांत लिहिलेले असतात. मार्च १९९७ मध्ये त्यातला २११९ क्रमांकाचा कागद निघाला. त्यात एक ओळ कोड नाही, तारा नाहीत, मशीन नाही. 'मस्ट', 'शुड', 'मे' अशा मोजक्या इंग्रजी शब्दांचा अर्थ नक्की काय धरायचा, एवढंच त्यात ठरवलंय. कारण जगातले हुशार इंजिनियर एकच वाक्य वाचून आपापलं वेगवेगळं सॉफ्टवेअर लिहीत होते. बरं, एवढ्यानेही भागलं नाही. वीस वर्षांनी, २०१७ मध्ये, आणखी एक कागद काढावा लागला (क्रमांक ८१७४). त्यात म्हटलंय की हे शब्द कॅपिटल अक्षरांत असतील तरच तो खास अर्थ धरा, नाहीतर साधं इंग्रजी समजा.

आता सांगा, हा प्रश्न कुठल्या विषयातला? कॉम्प्युटरचा की इंग्रजीचा?

आमच्या हापिसातही हेच. रिक्वायरमेंटच्या एका वाक्यात 'मे' होतं. आमच्या टीमने वाचलं 'केलं तर केलं', क्लायंटच्या डोक्यात होतं 'करायचंच'. दोन आठवडे त्यात गेले. दोन्ही बाजूंना डिग्र्या भरपूर, वाक्य नीट वाचू शकणारा माणूस एकही नाही. इंग्रजी 'येणं' म्हणजे मीटिंगमध्ये न अडखळता बोलणं एवढंच नसतं. वाक्यात काय म्हटलंय, काय म्हटलेलं नाही आणि कुणी कुणाला उद्देशून म्हटलंय, हे ओळखता यायला लागतं. ते तीस दिवसांच्या क्लासमध्ये मिळत नाही. कविता, नाटकं, कादंबऱ्या तीन-पाच वर्षं बारकाईने वाचल्या आणि कुणी जाणत्याने "हे कशावरून म्हणतेस?" असं दर वेळी विचारलं, तर थोडंफार मिळतं.

आणि इंजिनियरिंगची हमी कोण देतंय? माझ्या वर्गातले कितीतरी जण आज बँकेच्या परीक्षा देतायत, कुणी वडिलांच्या दुकानात बसतंय. चार वर्षांनंतर त्यांना कुणी विचारलं नाही की मेकॅनिकल घेऊन केलंस काय? तो प्रश्न फक्त साहित्यवाल्यांसाठी राखीव.

आता खरी गोष्ट

इथपर्यंत मामाची खेचून झाली. पण मामाची भीती पूर्ण खोटी नाही, आणि ती खोटी आहे असं भासवणारी कॉलेजं मला मामापेक्षा जास्त खटकतात. प्रवेशाच्या दिवसांत बोर्ड लागतात. 'इंग्रजी घ्या, अध्यापन आणि लेखन या दोन क्षेत्रांत उज्ज्वल संधी!' एक एक करून बघू.

अध्यापन. अनुदानित कॉलेजात पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५७,७०० रुपये, वर महागाई भत्ता वगैरे. उत्तम. त्यासाठी एम.ए. करा. त्यासाठी भिवंडीच्या पोरीने कालिना कॅम्पस गाठायचं म्हणजे आधी ठाण्यापर्यंत बस नाहीतर शेअर रिक्षा, मग लोकल, मग कुर्ल्याहून परत बस. मग नेट किंवा सेट पास व्हा. पीएच.डी. लागेल का? २०१८ च्या नियमात विद्यापीठांच्या विभागांसाठी ती सक्तीची केली, मग अंमलबजावणी पुढे ढकलली, आणि २०२३ मध्ये म्हणाले नेट-सेट पुरे. हे सगळं झाल्यावर ती ५७,७०० ची जागा निघते का? वर्षानुवर्षं निघत नाही. निघते ती तासिका तत्त्वावरची.

तासिका तत्त्व म्हणजे काय ते भिवंडीकरांना समजावून सांगायची गरज नाही. मागावरच्या कारागिराला मीटरवर पैसे मिळतात. माग चालला तर पैसे, वीज गेली, बीम संपला, माग बंद, पैसे बंद. प्राध्यापकाला तासावर. तास झाला तर पैसे. परीक्षा सुरू झाल्या, दिवाळी आली, मे महिना लागला, तास बंद, पैसे बंद. पेपर तपासण्याचे, पोरांच्या शंका सोडवण्याचे, रात्री बसून उद्याचा तास तयार करण्याचे मीटर कुणी मोजत नाही. यूजीसीने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर सांगितला. आपल्या राज्यातला तासिकेचा दर त्याहून कमी, आणि तोसुद्धा वेळेवर हातात पडेल याची खात्री नाही. मागवाल्या कारागिराचा हिशेब तरी वेळच्या वेळी होतो.

शाळेत जावं तर बी.एड., २०१५ पासून दोन वर्षांचं. मग अभियोग्यता चाचणी. पहिली झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाच वर्षं! एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन बसलेली मुलगी सव्विशीची झाली. निवड झालीच तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला मानधन होतं महिना ८,०००. जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झालं, आणि ते वाढवल्याबद्दल आपण सरकारचे आभार मानायचे.

आता याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. याच राज्याने जून २००० पासून प्रत्येक शाळेत पहिलीपासून इंग्रजी सक्तीचं केलं. मी त्याच पिढीतला. निर्णय चांगला होता की वाईट यावर वेगळा लेख होईल. पण एकदा तो घेतल्यावर पहिला प्रश्न यायला हवा होता की शिकवणार कोण? लाखो पोरांना इंग्रजी शिकवायचं तर इंग्रजी मन लावून शिकलेली माणसं लागणार, ती टिकवायला पगार लागणार. ते केलं नाही. ज्याला स्वतःला इंग्रजीची धास्ती होती त्या गुरुजींच्या हातात नवं पुस्तक दिलं आणि मोकळे झाले. मग शाळेत न आलेलं इंग्रजी विकत घ्यायला आईबाप क्लासच्या पाटीखाली रांगेत उभे. म्हणजे सरकार जे पैसे शिक्षकावर खर्च करत नाही, तेच भिवंडीतला यंत्रमाग कामगार क्लासवाल्याला देतो. इंग्रजीवर खर्च होतोच आहे. तो फक्त इंग्रजीच्या शिक्षकापर्यंत पोचत नाही.

म्हणून "इंग्रजीत करिअर नाही" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. काम ढिगाने आहे. त्या कामाची किंमत द्यायची नाही असं सरकारने आणि संस्थांनी ठरवलंय. पोरीची निवड चुकलेली नाही. आपण ज्या माणसाला तासावर राबवतो त्याच्याकडे बोट दाखवून "बघ, याचं काय झालं" असं म्हणतो, हे चुकलंय.

लेखन. इथेही मीटरच आहे, फक्त कापडाऐवजी शब्द मोजतात. शब्दाला अमुक पैसे, दिवसाला तमुक शब्द. ॲमेझॉन, फ्लिपकार्टची खोकी आमच्या भिवंडीतल्या गोदामांतून निघतात. त्या खोक्यातल्या मिक्सरचं वर्णन, सोबतचं माहितीपत्रक, वेबसाइटवरची ओळ, हे कुणीतरी लिहिलेलं असतं. गेली पंधरा-वीस वर्षं इंग्रजीच्या पदवीधरांना यातून दोन पैसे मिळाले. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि हे मीटरवरचं लेखन सगळ्यात आधी गेलं. बोर्डावर 'कंटेंट रायटिंगमध्ये संधी' लिहिणाऱ्यांनी आता तरी बोर्ड बदलावा. यंत्राने लिहिलेल्या मजकुरात चूक कुठे आहे, थाप कुठे मारलीये, काय गाळलंय, हे वाचून सांगणारा माणूस मात्र लागतो, आणि तो दर महिन्याला जास्तच लागतोय. आमच्याकडे हे काम सध्या प्रोग्रामर करतात. वाईट करतात. :-)

म्हणजे ज्याला फक्त शब्द पाडता येतात त्याचं कठीण आहे. ज्याला वाचता येतं त्याला काम आहे. प्रश्न असा की कॉलेजं वाचायला शिकवतात का?

कॉलेजांसाठी दोन शब्द

बऱ्याच ठिकाणी नाही शिकवत. नाटक न वाचता नाटकाच्या नोट्स वाचल्या जातात, गाइडमधली उत्तरं घोकली जातात. शेक्सपिअरच्या शोकांतिकेवर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिणाऱ्या पोराने त्यातला एक प्रवेश सलग वाचलेला नसतो. हे इंग्रजीचं शिक्षणच नव्हे.

गंमत अशी की हा विषय आपल्याकडे इंग्लंडच्या आधी रुजला. ऑक्सफर्डने इंग्रजी साहित्याला पदवीचा स्वतंत्र विषय म्हणून जागा दिली १८९४ मध्ये. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तिकडे ऑक्सफर्डवाले इंग्रजी हा विषय तरी आहे का यावर वाद घालत होते, तेव्हा इकडे पोरं इंग्रजी कवितेवर परीक्षा देत होती आणि एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य होता कवी वर्ड्सवर्थचा सख्खा नातू. साहेबाने हा विषय इथे आणला तो आपल्याला साहेबाच्या नजरेने बघायला शिकवण्यासाठी. साहेब गेला, नजर राहिली. दीडशे वर्षांनी तरी आपण विचारायला हवं की आपल्याला हा विषय कशासाठी हवाय.

भिवंडीपुरतं उत्तर माझ्याकडे आहे. या गावात उर्दू आहे, मराठी आहे, हिंदी आणि तिच्यासोबत आलेल्या पूर्वांचलच्या बोल्या आहेत, पद्मशाली घरांतलं तेलुगू आहे, गुजराती आहे, आगरी बोली आहे, कोकणी मुसलमानांची कोकणी आहे. पण ही पोरं एकत्र येतात कुठे? शाळा वेगळ्या, मोहल्ले वेगळे. रईस हायस्कूलमधून उर्दूत शिकून आलेला मुलगा आणि मराठी शाळेतून आलेली मुलगी बी.एन.एन. कॉलेजात एका बाकावर बसतात ती बहुतेक इंग्रजीच्या तासालाच, कारण तोच पेपर दोघांना सारखा. दोघांनाही तो सारखाच अवघड! मोमीन महिला महाविद्यालयातल्या मुली घरी एक भाषा बोलतात, वाचतात दुसरीत आणि पेपर लिहितात तिसरीत. म्हणजे जन्मजात भाषांतरकार. इंग्रजी विभागाने यांच्याकडून एक उर्दू कथा मराठीत, एक मराठी कविता इंग्रजीत, एक तेलुगू गाणं उर्दूत असं करून घेतलं, तर तीन वर्षांत या पोरांना कुठल्याही गाइडपेक्षा जास्त इंग्रजी येईल, शिवाय शेजाऱ्याची भाषाही. ज्या गावाने १९७० आणि १९८४ पाहिलंय, त्या गावाला याची किंमत मी सांगायला नको.

याला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. कायम नोकरीत असलेला, पुढच्या महिन्याच्या मानधनाची चिंता नसलेला एक शिक्षक लागतो. म्हणजे फिरून गाडी तिथेच येते. रिकाम्या जागा भरा.

तर मग करायचं काय?

पोरीला मी जे सांगितलं ते इथे लिहितो, दुसऱ्या कुणाला उपयोग झाला तर झाला.

एक, बी.ए. कर, पण मूळ पुस्तकं वाचून कर. गाइडला हात लावलास तर मामाची बाजू मी घेईन. दोन, मराठी सोडायची नाही, आणि शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीकडून उर्दू लिपी शिकून घे. नुसतं इंग्रजी येणारे लाखो आहेत, इंग्रजी-मराठी-उर्दू तिन्ही नीट येणारे हाताच्या बोटांवर. तीन, एम.ए. करता करताच नेट-सेटला बस. चार, तासिकेवर शिकवायचं तर किती वर्षं ते आधीच ठरव आणि वहीत लिहून ठेव. आशेवर दहा वर्षं काढलेली माणसं मी पाहिलीयत. पाच, 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट लिहून देऊ नकोस. मागावर पहिल्या दिवशी बसलेल्या पोरालाही कुणी फुकट राबवत नाही.

मामाला सांगितलं ते वेगळं. म्हटलं, मामा, तुला इंग्रजी नको असतं तर गोष्ट वेगळी होती. पण तू धाकट्याच्या इंग्लिश मीडियमची फी दर तीन महिन्यांनी भरतोस, आणि तिथली टीचर कमी पगारात राबते म्हणून तुला ती फी परवडते. तीही कुणाची तरी अशीच पोरगी आहे. तिला तिचा पगार मिळाला पाहिजे असं तू पालकसभेत एकदा तरी म्हटलंयस का? तोवर "इंग्रजी घेऊन काय करणार" हा प्रश्न विचारायचा तुला हक्क नाही.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फॉर्मची शेवटची तारीख काय आहे?" पोरगी उठून फाइल आणायला आत गेली. एका मामाचं एवढं झालं. बाकीच्यांनी निदान पुढच्या पालकसभेत तोंड उघडावं.